खालून पहिला

थोरल्या बाईंच्या नाकावर कधी माशी बसली नाही, आणि बसायला आलीच असती तर तिलाही त्यांनी आधी कोपरापर्यंत हात धुऊन यायला सांगितलं असतं.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या विभागाच्या त्या प्रमुख होत्या. सगळं हॉस्पिटल त्यांना ‘थोरल्या बाई’ म्हणायचं, समोर आदराने आणि पाठीमागे जीव मुठीत धरून. जगात दोन प्रकारची माणसं असतात, असं त्यांचं ठाम मत होतं. एक, ज्यांना काही कळत नाही. आणि दुसरी, ज्यांना आपल्याला काही कळत नाही एवढंही कळत नाही. बाळांचे नातेवाईक पहिल्या गटात मोडत. डॉक्टर मंडळी दुसऱ्यात. कंपन्यांच्या माणसांसाठी तिसरा गट काढावा इतकीही त्यांची लायकी नाही, असं बाई म्हणत.

त्यातलाच एक बाळांच्या दुधाच्या पावडरीच्या कंपनीचा माणूस. त्याच्या शर्टाला कधी चुणी पडलेली कुणी पाहिली नव्हती, म्हणून बाईंनी त्याचं नाव ‘इस्त्री’ ठेवलं होतं. बाई कंपन्यांकडून साधं पेनसुद्धा घेत नसत. तत्त्व चांगलंच होतं. पण चांगल्या तत्त्वाचंही काही माणसं लाटणं करतात आणि दिसेल त्याच्या डोक्यात घालतात.

“मॅडम, फक्त दोन मिनिटं,” इस्त्री दारातूनच म्हणाला. “पावडरीत थोडा बदल केलाय, तेवढं सांगून जातो.”

“पावडरीत केलाय की डब्यावरच्या चित्रात?”

“नाही मॅडम, आतच. म्हणजे त्यातलं—”

“हे बघा, तुमच्या कंपनीने शेवटचं काही नवीन केलं तेव्हा डब्यावरचं अस्वल काढून ससा आणला होता. आता सशाचं काय झालं? मेला का?”

बाहेर उभ्या असलेल्या नर्स फिसकन हसल्या. इस्त्रीचे कान लाल झाले. त्याने टेबलावर एक गुळगुळीत कागद ठेवला, “वेळ मिळाला तर बघा,” असं पुटपुटला आणि निघून गेला. बाईंनी तो कागद दोन बोटांच्या चिमटीत, मेलेलं झुरळ उचलावं तसा उचलला आणि न बघता टोपलीत टाकला. मग हातही धुतले. नर्स पुन्हा हसल्या. बाईंना असं हसलेलं आवडायचं, कारण ते दुसऱ्याला हसणं असायचं.

विभागाच्या बाहेरच्या बोळात एक पांढरा फळा होता. रोज सकाळी वजनं झाली की त्यावर प्रत्येक बाळाचं वजन लिहिलं जाई, भारी बाळ वर, हलकं खाली. ही पद्धत बाईंनीच घातलेली. वरचं बाळ घरी जायच्या वाटेला लागलं, खालचं अजून आपल्या पदरात, हे एका नजरेत कळावं, एवढाच त्यांचा हेतू. पण समोरच्या बाकावर बसणाऱ्या नातेवाइकांनी त्या फळ्याचा परीक्षेचा निकाल करून टाकला. नवा माणूस बाकावर टेकला की शेजारचा विचारणारच, “तुमचं कितीचं?”

“हा काय भाजीबाजार आहे?” बाई जाता जाता ओरडायच्या. “तुमचं कितीचं, आमचं कितीचं! वजन म्हणजे तब्येत नव्हे. वाळूचं पोतं तुमच्या सगळ्यांपेक्षा भारी असतं, त्याला काय बाळसं म्हणायचं?”

बाक गप्प व्हायचा. बाई आत गेल्या की पुन्हा सुरू व्हायचा. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि मग त्यांचा स्वतःचा नातू त्याच विभागात दाखल झाला.

सुनेचा रक्तदाब असा काही चढला की तिच्या जिवावर बेतलं, आणि बाळाला त्याचे दिवस भरण्याच्या कितीतरी आधी बाहेर काढावं लागलं. लाल, सुरकुतलेलं, पापण्यांचे केसही न आलेलं ते पोर काचेच्या पेटीत ठेवलं गेलं. सून स्वतःच औषधांच्या माऱ्याखाली पडलेली, तिला दुधाचे चार थेंबही धड येईनात. तेव्हा बाळाला अपुऱ्या दिवसांच्या मुलांसाठी मिळते ती पावडर, नळीतून, थेंबाथेंबाने सुरू झाली.

घरच्या माणसावर आपण उपचार करायचे नाहीत, हा नियम. बाईंनी तो पाळला. म्हणजे पाळल्यासारखं केलं. बाळ त्यांनी धाकट्या डॉक्टरांच्या हवाली केलं. धाकट्या डॉक्टरांचं प्रत्येक वाक्य ‘बरं का मॅडम’ने सुरू व्हायचं, म्हणून बाई मनातल्या मनात त्यांना ‘बरंका’ म्हणत. बरंका हुशार होता, कष्टाळू होता. बाईंच्या मते तो एखाद्या स्वच्छ पुसलेल्या पाटीसारखा होता, आणि पाटीवर लिहिणार अर्थातच बाई.

आता राहिल्या विहीणबाई.

विहीणबाईंची बेकरी होती. पहाटे भट्टी लावून, दुपारी गल्ला मुलीच्या मामाच्या हवाली करून त्या हॉस्पिटलात यायच्या, आणि यायच्या म्हणजे अवघ्या बोळाला कळायचं. कपाळावर पिठाचा पुसट पट्टा, आवाज भट्टीच्या घरघरीवर मात करायला शिकलेला, आणि हसणं तर सरळ पोटातून. हात मात्र सांगितले तसे धुवायच्या, कोपरापर्यंत, नखं घासून. त्यातही बाईंना खोट सापडली. “कणीक मळायला निघाल्यासारख्या धुतात,” त्या मुलाला म्हणाल्या. मुलगा “हं” म्हणाला. लग्नाआधी त्याचं आईपुढे काही चाललं नव्हतं आणि लग्नानंतर कुणापुढेच; त्यामुळे ‘हं’ हे त्याचं सर्वांत लांब वाक्य झालं होतं.

विहीणबाईंनी बाळाचं नाव ठेवलं होतं ‘टिंगूशेठ’. काचेला नाक लावून त्या त्याच्याशी बोलत. “काय टिंगूशेठ, आज दुकान उघडलं का? सू केलीत का? वा वा, बोहनी झाली!” सून पलंगावरून उठून चाकाच्या खुर्चीत यायला लागली होती, ती आईचं ऐकून पोटावरचे टाके धरून हसायची. आणि थोरल्या बाई आत आल्या की गप्प व्हायची. बाईंनी हे पाहिलं होतं. त्यांना ते लागलं होतं, पण लागलं असं म्हणायची त्यांना सवय नव्हती. त्या म्हणाल्या, “आयसीयू आहे, तमाशा नाही.”

एका सकाळी बाई बोळातून येत होत्या. फळा नुकताच लिहून झाला होता आणि बाकापुढे, त्या दिवशी सकाळीच आलेल्या, विहीणबाई उभ्या होत्या.

“आला! खालून पहिला आला आमचा टिंगूशेठ!” त्या दोन्ही हात वर करून ओरडल्या. “खालून तर खालून, पहिला तो पहिलाच!”

सगळा बाक हसला. त्या बाकावर कित्येक दिवसांत कुणी हसलं नव्हतं. फळा लिहिणारी नर्सही हसली, आणि मग तिला बाई दिसल्या.

बाई तरातरा खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. एवढी वर्षं ज्या विभागाच्या नावाने लोक कान पकडतात, तिथे माझ्या रक्ताचं पोर तळाशी, आणि ही पाववाली त्याचा विनोद करते! वजन म्हणजे तब्येत नव्हे, हे बाईंनी हजारदा दुसऱ्यांना सांगितलं होतं. पण आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. शिकलेल्या माणसाचा बाब्याही बाब्याच असतो, फक्त तो शास्त्राचा आधार घेऊन उभा राहतो.

शास्त्राचा आधार होताच. इस्त्रीच्या कंपनीच्या त्या पावडरीत प्रथिनं कमी पडतात, असं बाई परिषदांमधून कधीपासून सांगत होत्या. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला मांस धरायला जास्त प्रथिनं लागतात, हे खरंच होतं. प्रथिनांची वेगळी पुडी मिळते, ती दुधात मिसळता येते. कुणाला, कधी, किती, हे रक्त तपासून, फाइलीत लिहून, दोघांनी ठरवायचं असतं. हा नियमही बाईंचाच.

विभागाला लागून काचेची छोटी खोली होती, तिथे सगळ्या बाळांचं दूध बनायचं. उकळून निववलेलं पाणी, मापाचे चमचे, नावं लावलेल्या बाटल्या. तिथल्या नर्सला सगळे ‘दूधसिस्टर’ म्हणत. बाई आत गेल्या, दार ओढून घेतलं आणि म्हणाल्या, “माझ्या नातवाच्या दुधात आजपासून प्रोटीनची पुडी घालायची. प्रत्येक वेळी. एक.”

“धाकटे डॉक्टर फाइलीत—”

“फाइल मी बघते.”

दूधसिस्टरने समोरच्या डब्याकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. “हो मॅडम,” ती म्हणाली.

पहिले काही दिवस टिंगूशेठने बाईंचा मान राखला. फळ्यावर तो एक घर वर सरकला, मग आणखी एक. बाई बोळातून जाताना आता जरा हळू चालायला लागल्या. बरंका म्हणाला, “बरं का मॅडम, छान घेतोय वजन.” बाई म्हणाल्या, “घेणारच.” विहीणबाईंनी आनंदाने बाकावर क्रीम रोल वाटले. ते बाईंनी नर्सकडून गोळा करवून कचऱ्यात टाकले. आत जंतू नकोत, म्हणून.

मग वजन थांबलं. मग उतरलं.

बाळाचा श्वास जलद झाला, छातीचा पिंजरा भात्यासारखा हलायला लागला. तळपायाला टिचकी मारली तर पूर्वी पाय ओढून घ्यायचं, आता नुसतं पडून राही. आदल्या वेळचं दूध पोटात तसंच सापडे. बरंकाने जंतूंसाठी रक्त पाठवलं. जंतू सापडले नाहीत. छातीचा फोटो काढला, फोटो साफ. त्याने पुन्हा रक्त पाठवलं, आणखी तपासण्या सांगितल्या आणि केसांतून हात फिरवत बसला.

“घरच्यांनी काही पाजलंय का, ते बघा,” बाई म्हणाल्या.

आणि सापडलं. बाहेरच्या कपाटात नातेवाइकांच्या पिशव्या असत. विहीणबाईंच्या पिशवीत, रुमालात गुंडाळलेली, ग्लुकोजच्या पाण्याची छोटी बाटली होती.

थोरल्या बाईंनी ती बाटली सुनेच्या खुर्चीसमोर, सगळ्यांदेखत धरली. त्यांचा आवाज चढला नाही. तो चढायचा नाही कधी; तो धार लावल्यासारखा बारीक व्हायचा.

“हे काय आहे?”

“ते होय,” विहीणबाई चाचरल्या. “तुम्हाला विचारणार होते मी. म्हटलं, पोराला जरा ताकद येईल.”

“विचारणार होतात! माझ्या विभागात चोरून बाटली आणायची आणि विचारणार होते म्हणायचं! अहो, हे लेकरू आहे, केकचं पीठ नव्हे. जास्त घातलं की फुगतं, एवढंच कळतं का तुम्हाला? जन्म भट्टीपुढे गेला म्हणजे शरीरातलं कळायला लागतं होय? त्याच्या आत काय चाललंय, काय पचतंय, काय तुंबतंय, याची काही अक्कल?”

“मी नाही पाजलं हो. शप्पथ.”

“चोर कधी हो म्हणतो का?”

सून आईकडे बघत होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. “आई, खरं सांग. दिलंस?”

“नाही गं, पोरी.”

“मग आणलीस कशाला?”

आणली होती हे खरंच होतं, आणि तेवढा मूर्खपणा विहीणबाईंच्या पदरात होताच. सुनेने तोंड फिरवलं. “तू जा,” ती म्हणाली. “तो बरा होईपर्यंत येऊ नकोस.”

“काय पाजलं, किती पाजलं, ते आधी कबूल करा,” थोरल्या बाई म्हणाल्या. “मग आत यायचं बघू.”

विहीणबाई पिशवी घेऊन गेल्या. बोळात त्यांच्या पावलांचा आवाजही आला नाही. बाटली बाईंनी खोलीतल्या खणात टाकली आणि खण ढकलून बंद केला. बाळ आजारी होतं, जीव टांगणीला लागला होता; तरी त्यांना आत कुठेतरी गार वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

तेवढ्यात बरंका कागद घेऊन आला.

“बरं का मॅडम, साखर नॉर्मल आहे. ग्लुकोजने झालं असतं तर... आणि हे बघा ना, रक्तात आम्ल वाढलंय. युरिया तर केवढा चढलाय. काही जुळत नाहीये.”

थोरल्या बाईंनी कागद घेतला. त्यांच्या तोंडाला लगाम नव्हता, पण मानेवर डोकंही होतं. तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. खरं तर जुळत होतं. प्रथिनं पोटात गेली की अंग त्यातलं हवं ते घेतं, आणि मागे उरतं आम्ल आणि युरिया. मोठ्या माणसाची मूत्रपिंडं हा कचरा गुपचूप बाहेर टाकतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची मूत्रपिंडं अजून धड कामावर रुजूच झालेली नसतात. झेपेल तेवढं दिलं तर बाळ त्याचं मांस करतं. झेपण्यापलीकडे दिलं तर कचरा रक्तातच साचतो, आम्ल बाहेर फेकायला बाळ भराभर श्वास घेतं, आणि वाढायची ताकद त्या झटापटीत संपून जाते. अति तिथे माती. हे बाई विद्यार्थ्यांना इतक्या वेळा शिकवत आल्या होत्या की त्यांना ते झोपेतही म्हणता आलं असतं.

ग्लुकोजच्या पाण्यात प्रथिन नसतं, कणभरसुद्धा.

पण एका पुडीने इतकं? बाईंनी मनात पुन्हा हिशोब केला. पावडरीतलं एवढं, पुडीतलं तेवढं. हिशोब बरोबर होता. इतकं चढायलाच नको. त्या उठल्या आणि दुधाच्या खोलीत गेल्या.

फळीवर डबे होते. ससा नव्हता. सशाच्या जागी निळा पट्टा होता, आणि त्यावर सोनेरी, मोठ्या, आंधळ्यालाही बोटांनी वाचता येतील अशा उठावदार अक्षरांत लिहिलं होतं: पूर्वीपेक्षा अधिक प्रथिनं.

बाईंनी डबा फिरवून मागचे आकडे वाचले. त्या परिषदांमधून जेवढी मागत होत्या, तेवढी प्रथिनं कंपनीने आतच घातली होती. त्यांचं ऐकून असेल, नाहीतर आणखी कुणाचं. बाकीच्या बाळांना ती नेमकी पुरत होती. फळ्यावरची सगळी मुलं हळूहळू बाळसं धरत होती. फक्त एका बाळाला त्यावर आणखी एक पुडी मिळत होती. बाईंचा हिशोब अगदी बरोबर होता, पण तो जुन्या डब्याचा होता.

“डबा बदललाय, तर सांगायचं नाही?” बाईंनी विचारलं.

“मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल,” दूधसिस्टर म्हणाली. “तुम्हाला सगळं माहीत असतं.”

ती टोमणा मारत नव्हती. टोमणा असता तर बाईंनी तो परतवला असता.

“पुडी बंद,” त्या म्हणाल्या. मग बाहेर येऊन बरंकाला म्हणाल्या, “नळीतलं दूध थांबवा. सलाइन लावा, आम्ल उतरवायचं औषध द्या. श्वास ताळ्यावर आला की थोडं थोडं साधं दूध. पुडीबिडी काही नाही.”

“पुडी? कसली पुडी, मॅडम?”

“काही नाही म्हटलं ना?”

बरंकाने पुढे विचारलं नाही. पाटी ती पाटीच.

बाळ सावरलं. श्वास मंदावला, पोट मऊ पडलं, आणि एका दुपारी पायाला सुई लावताच त्याने असा काही गळा काढला की नर्सचे डोळे भरून आले. तोवर फळ्यावर मात्र ते पार खाली घसरलं होतं, होतं तिथेच.

मग सुरू झालं कौतुक. थोरल्या बाईंनी रक्ताचा कागद नुसता बघितला आणि रोग ओळखला! बरंकाने ही गोष्ट तीन मजले फिरवली. मुलगा खोलीत आला, दाराशी घुटमळला आणि त्याने आयुष्यातलं सर्वांत लांब वाक्य बोलून टाकलं, “आई, तू नसतीस तर काय झालं असतं गं?”

“हं,” या वेळी आई म्हणाली.

तो गेल्यावर त्यांनी काहीतरी शोधायला खण उघडला, आणि ती बाटली घरंगळत पुढे आली. बाईंनी उचलली. झाकणाभोवतीचं प्लॅस्टिकचं कडं शाबूत होतं. बाटली कधी उघडलीच नव्हती. त्या दिवशी याच हातात धरून त्यांनी ती सगळ्यांना दाखवली होती; फक्त स्वतः पाहिली नव्हती. पाहायची गरज काय? समोर पाववाली होती ना!

आता माणूस कसा विचार करतो ते बघा. दूधसिस्टर बोलणार नाही. इस्त्रीचा कागद कचऱ्याबरोबर केव्हाच जळाला. फाइलीत पुडीचं नाव नाही. बाळ बरं आहे. सत्य सांगून त्याचं वजन काही वाढणार नाही. उलट विभागाची इभ्रत जाईल, आईबापांचा विश्वास उडेल, म्हणजे अखेर नुकसान बाळांचंच. थोरल्या बाईंनी बाळांच्या भल्यासाठी गप्प बसायचं ठरवलं. चोरही आपल्या लेकरांसाठीच चोरी करतो. बाटली मात्र त्यांना खणात परत टाकवेना. ती त्यांनी कोटाच्या खिशात ठेवली, आणि दिवसभर ती मांडीला लागत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पेटीपाशी उभ्या होत्या. सून खुर्चीत, मुलगा तिच्या मागे. दाराशी विहीणबाई आल्या. कपाळ स्वच्छ पुसलेलं, केस चापून बसवलेले, आणि आवाज तर जणू घरीच ठेवून आलेला.

“मी पाजलं होतं,” त्या म्हणाल्या. “झाकणभर. माझं चुकलं. तुम्ही कबूल करा म्हणालात ना, केलं बघा. आता एकदा बघू द्या त्याला. हात नाही लावणार.”

सून रडायला लागली. “कसं गं केलंस असं, आई? कसं गं?”

विहीणबाई खाली मान घालून उभ्या राहिल्या. थोरल्या बाईंच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते नेहमीचंच होतं. काय ही बाई! धड खोटंही बोलता येत नाही हिला. ज्या बाटलीचं झाकण उघडलं नाही, त्यातलं झाकणभर पाजलं म्हणते! आणि मग ती तुच्छता, इतकी वर्षं हाताशी असलेली, समोरच्यावर टाकायला उचललेली, त्यांच्याच हातात राहिली. ही बाई नातवाला काचेतून बघायला मिळावं म्हणून आपल्या तोंडाला आपल्या हाताने काळं फासून आली होती. आणि आपण? आपलं काळं झालेलं तोंड हिच्या पदराला पुसून घेतलं होतं. थोरल्या बाईंना स्वतःची किळस आली. ही चव त्यांनी दुसऱ्यांना पुष्कळ चाखवली होती, स्वतः कधी घेतली नव्हती.

“खोटं बोलताय तुम्ही,” त्या म्हणाल्या.

“आई, पुरे आता,” मुलगा म्हणाला. “कबूल केलं ना त्यांनी?”

“म्हणूनच म्हणतेय, खोटं बोलतायत.” बाईंनी खिशातून बाटली काढली आणि सुनेच्या मांडीवर ठेवली. “झाकण बघ. सील बघ. उघडलीच नाहीये. डोळे असून मी बघितलं नाही, कारण मला बघायचंच नव्हतं. आणि साखरेने हे होतच नाही. मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळेल. प्रथिनं जास्त झाली त्याला. दुधात मी पुडी घालायला लावली. डॉक्टरांना न विचारता, फाइलीत न लिहिता. डब्यातलं दूधच बदललं होतं, ते सांगायला माणूस दारात आला होता, त्याला मी हाकलून दिलं. एखाद्या शिकाऊ डॉक्टरने हे केलं असतं ना, तर मी त्याचा परवाना काढून घ्यायला लावला असता. निर्लज्जासारखं वर कौतुकही करून घेतलं. त्याला यांनी नाही आजारी पाडलं. मी पाडलं.”

तोंडाचा पट्टा तोच होता, तीच धार, तोच बारीक आवाज. फक्त उलटा फिरत होता. दाराशी आलेला बरंका तिथेच थिजला. त्याच्या तोंडून ‘बरं का’सुद्धा निघेना.

सुनेने बाटली हातात घेतली, सीलवरून अंगठा फिरवला.

“का?” तिने विचारलं.

“फळ्यावर वर यावा म्हणून.”

“एवढ्यासाठी?”

“एवढ्यासाठीच.”

सुनेने डोळे पुसले. मग ती सासूकडे बघून, अजिबात आवाज न चढवता म्हणाली, “बाहेर थांबा.”

सवयीने विहीणबाईच दाराकडे वळल्या.

“तू कुठे निघालीस?” सून म्हणाली. “हात धुऊन ये. त्याला छातीशी धरायचंय, मला एकटीला नाही जमत.”

थोरल्या बाईंनी मुलाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता, आणि या वेळी त्याने ‘हं’ही म्हटलं नाही. बाईंनी कोट काढून खुंटीला लावला आणि त्या बाहेर आल्या. मागे काचेपलीकडे नळाचं पाणी सुरू झालं, आणि पाठोपाठ तो भट्टीवर मात करणारा आवाज, आधी कापरा, मग मोठा: “काय टिंगूशेठ! दुकान बंद ठेवलंत होय इतके दिवस?”

बोळात फळा होता. समोर बाक होता. बाकावर आजच आलेली एक बाई बसली होती, कुणाची तरी आत्या नाहीतर मावशी, मांडीवर डबा घट्ट धरलेला. बिनकोटाच्या या बाईंना तिने ओळखायचं काही कारण नव्हतं. ती जरा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग तिने विचारलंच.

“तुमचं कितीचं हो?”

‘हा काय भाजीबाजार आहे?’ हे वाक्य थोरल्या बाईंच्या जिभेच्या टोकाशी येऊन उभं राहिलं. त्यांनी ते गिळलं. फळ्याकडे बघितलं, वरपासून नाही, खालपासून.

“खालून पहिला,” त्या म्हणाल्या.

ती बाई हसली नाही. डबा उचलून ती बाकावर जरा सरकली आणि तिने जागा करून दिली.